गाडीचा डावा डोळा

यंत्राला धर्म नसतो. ते कुणाचं मन राखत नाही, कुणाची भीड धरत नाही, आणि ज्याच्या हाती जाईल त्याच्याशी सारखंच वागतं.

हे वाक्य माझंच आहे. सिन्नरच्या एका तंत्रशाळेत बक्षीस समारंभाला बोलावलं होतं, तिथे मी ते जरा आवाज चढवून म्हटलं. टाळ्या पडल्या, शाल मिळाली. शाल अजून वापरात आहे. वाक्याचं मात्र काय करावं ते मला मागच्या वर्षापासून कळेनासं झालं आहे.

माझी नोकरी अंबडच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये गेली. टूलरूम म्हणजे कारखान्यातल्या यंत्रांना लागणारे साचे आणि हत्यारं जिथे बनतात ती खोली. तिथल्या माणसाला केसाच्या जाडीइतकी फट दिसते आणि घरी बायकोने नवी साडी नेसलेली दिसत नाही. निवृत्त झाल्यावर मी अंबडमध्येच एक शेड भाड्याने घेऊन कातकामाचा लेथ टाकला. किरकोळ कामं करावीत, चहा प्यावा, वाचावं, एवढाच बेत होता. एका जुन्या सहकाऱ्याने आखातातून परतलेल्या त्याच्या मेहुण्याची गाडी आणली. जपानी, दोन दारांची, जमिनीला टेकलेली. तिच्या गिअरच्या दांड्यातला एक छोटा बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो तो गोल तुकडा, झिजला होता आणि तो पृथ्वीवर कुठेच मिळत नव्हता. मी पितळेचा करून दिला. त्या दिवसापासून ज्याचा पार्ट मिळत नाही, तो माझ्याकडे यायला लागला.

या गाड्यांबद्दल बाहेरच्यांना फारसं ठाऊक नसतं, म्हणून थोडं सांगतो. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी जपान्यांनी काही फार सुंदर आणि फार वेगवान गाड्या बनवल्या. आपल्याकडे त्या कधी विकायला आल्याच नाहीत. ज्या आल्या त्या परदेशातून घरी परतणाऱ्या माणसांबरोबर, फ्रिज आणि कार्पेटच्या जोडीने आल्या. मग त्या माणसांना कळलं की नाशिकमध्ये त्या चालवायला जागा नाही. त्यांनी त्या दुसऱ्याला विकल्या, दुसऱ्याने तिसऱ्याला. माझ्याकडे येतो तो साधारण चौथा किंवा पाचवा मालक, आणि तो प्रेमात असतो. गाडीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. प्रत्येक नावाचे भक्त आहेत. मागे मी बोलता बोलता एका इंजिनाला तापट म्हणालो, तर दोघेजण अजून माझ्याशी बोलत नाहीत.

इंजिन सहसा बिघडत नाही. बिघडतं ते रबर, प्लॅस्टिक आणि वायर. रबर म्हातारं होतं, प्लॅस्टिकचे तुकडे पडतात, आणि वायर द्राक्षांच्या गोदामातले उंदीर खातात. शिवाय आधीच्या मेकॅनिकने करून ठेवलेलं असतं ते वेगळंच. सुधारणाही कराव्या लागतात. नाशिकच्या एप्रिलसाठी मोठा रेडिएटर आणि जोडीला दुसरा पंखा बसवतो. गतिरोधकांसाठी स्प्रिंगखाली चकत्या घालून गाडी बोटभर उचलतो, म्हणजे तिचं पोट घासत नाही. काहींना याहून जास्त हवं असतं. एका बिल्डरला इंजिनाची ताकद दीडपट करून हवी होती. मी विचारलं, पळवणार कुठे? तो म्हणाला, "पळवायची नाही हो. माहीत असलं पाहिजे." त्याच्याशी माझं अजून चांगलं आहे. त्याला स्वतःबद्दल काही गैरसमज नव्हता.

गैरसमज असतो तो 'ओरिजिनल' या शब्दाबद्दल. ज्या गाडीत मी बनवलेला बुश आहे, मालेगावात भरलेली सीट आहे आणि वायरिंग उस्मानभाईंचं आहे, ती गाडी दाखवून मालक पाहुण्यांना सांगतो, "टोटली ओरिजिनल." मी शेजारी उभा असलो तर माझ्याकडे बघत नाही.

उस्मानभाई माझे भागीदार. जन्मभर ट्रकचं वायरिंग केलेला माणूस. गाडीचा आवाज ऐकून नव्हे, वास घेऊन दोष सांगतात. त्यांच्या नि माझ्या कामाच्या पद्धतीत फरक असा की मी आधी विचार करतो आणि ते आधी खोलतात. बिघाड दोघांनाही साधारण एकाच वेळी सापडतो.

आता मुद्द्यावर येतो.

मोहाडीकडचे भास्करराव म्हणजे द्राक्षबागाईतदार. चांगल्या सालात त्यांनी एका जहाजावरच्या इंजिनिअरकडून एक लाल जपानी गाडी घेतली. घरात माणसं अकरा, गाडीत सीट दोन. त्यांच्या आईने गाडीभोवती एक चक्कर मारून विचारलं होतं म्हणे, "बाकीची गाडी मागनं येनार हाय का?" या गाडीचे पुढचे दिवे बॉनेटमध्ये बुडालेले असतात. बटण दाबलं की दोन्ही बाजूंच्या दोन छोट्या मोटर फिरतात, त्यांच्या दांड्या दिव्यांना ढकलतात आणि दिवे डोळे उघडल्यासारखे वर येतात. भास्कररावांच्या गाडीचा उजवा डोळा चटकन उघडायचा आणि डावा मागाहून, रेंगाळत.

"बाकी ठीक हाय नाना," भास्करराव म्हणाले, "पण ह्या येळी सगळं पक्कं करून द्या. परीक्षक येनारे."

जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळींनी गंगापूर धरणाकडच्या एका वायनरीत मेळावा ठेवला होता. बाहेरगावचा एक परीक्षक प्रत्येक गाडी तपासणार आणि सगळ्यात अस्सल गाडीला पितळी फलक देणार. फलकावर लिहिलेलं असणार होतं: 'कारखान्यातून निघाली तशी'. मी पाहिलेल्या गाड्यांपैकी एकही कारखान्यातून निघाली तशी नव्हती. मीही कारखान्यातून निघालो तसा राहिलेलो नाही. पण माझं मत कुणी विचारलं नव्हतं.

त्याच आठवड्यात त्याच जातीची दुसरी गाडी आली. पांढरी, कॉलेज रोडच्या एका हाडांच्या डॉक्टरांची. हे डॉक्टर दिवसभर लोकांचे मूळचे खुबे काढून तिथे परदेशी खुबे बसवतात आणि संध्याकाळी मला फोन करून विचारतात की गाडीला आफ्टरमार्केट, म्हणजे मूळ कंपनीचा नसलेला, स्क्रू तर लावला नाही ना. त्यांची गाडी तापत होती. दिवे उत्तम होते.

दोन सारख्या गाड्या एकाच वेळी शेडमध्ये असणं ही आमच्या धंद्यातली चैन आहे. पार्ट मिळत नाहीत, त्यामुळे दोष कुठे आहे ते ठरवायला चांगल्या गाडीचा भाग काढून आजारी गाडीत लावून बघतात. सगळेच बघतात. ग्राहकाला कुणी सांगत नाही, कारण ग्राहकाची सगळ्यात मोठी भीती तीच असते: माझा चांगला पार्ट काढला आणि दुसऱ्याचा घातला. या एका संशयाने नाशिकमधली चांगली गॅरेजं बसलेली मी पाहिली आहेत. म्हणून मी टूलरूमची सवय सोडलेली नाही. भाग काढला की पंचने खूण करायची. पंच म्हणजे टोकदार खिळा. हातोडीने ठोकला की लोखंडावर ठिपका उमटतो. आधी आलेल्या गाडीला एक ठिपका, नंतरच्या गाडीला दोन.

तेव्हा भास्कररावांच्या डाव्या मोटरवर एक ठिपका आणि डॉक्टरांच्या डाव्या मोटरवर दोन.

मेळावा जवळ आला होता. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि परिणाम बघावा हा नियम मी शिकाऊ मुलांना शिकवत आलो. त्या दिवशी आम्ही सगळं एकदम केलं. मी दोन्ही मोटर टेबलावर घेऊन डिझेल-ब्रशने घासल्या. उस्मानभाईंनी ही तिकडे आणि ती इकडे लावून बघितली. तोवर मी भास्कररावांच्या गाडीची दांडी आणि बिजागरी डिझेलने धुतली. सांध्यात काळंलाल कीट साचलं होतं, ते ब्रशने काढून टाकलं. उस्मानभाईंनी वायरचा एक हिरवा पडलेला जोड कापून नवा केला. मोटर परत बसवल्या. बटण दाबलं आणि दोन्ही डोळे एकदम उघडले.

"क्या हुआ था?" उस्मानभाईंनी विचारलं.

"काय माहीत," मी म्हणालो.

"हो गया ना?"

"झालं."

आमच्या धंद्यात याला यश म्हणतात.

मेळाव्याला मी गेलो होतो. हिरवळीवर गाड्या, गाड्यांच्या बाजूला मालक, मालकांच्या डोक्यावर टोप्या. परीक्षक पांढरे हातमोजे घालून आले होते. त्यांनी एका गाडीच्या बॉनेटखाली इतका वेळ डोकं घातलं की लोक काळजीत पडले. भास्कररावांनी बटण दाबलं, दोन्ही डोळे सलामी दिल्यासारखे उघडले. परीक्षकांनी मान हलवली. मग डॉक्टरांची पांढरी गाडी. डॉक्टरांनी बटण दाबलं. उजवा डोळा उघडला. डावा थांबला, विचार केल्यासारखा थांबला, आणि मग सावकाश वर आला.

मागे कुणीतरी हसलं. परीक्षकांनी काहीतरी लिहिलं. डॉक्टरांनी त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

फलक भास्कररावांना मिळाला. डॉक्टर माझ्याजवळ आले आणि अगदी हळू, पेशंटच्या नातेवाइकांशी बोलतात तसं बोलले. "नाना, हा डोळा माझ्या गाडीचा नाही. हा त्यांच्या गाडीचा डोळा आहे. मी तुमच्याकडे गाडी दिली तेव्हा हा दोष त्यांच्यात होता. आता माझ्यात आहे. याचा अर्थ मी काय घ्यायचा?"

त्याचा एकच अर्थ होता आणि तो तिथल्या सगळ्यांनी घेतला. पार्ट बदलला. मी म्हणालो, माझ्या खुणा असतात, उघडून बघू. म्हटलं खरं, पण आवाज काही शाल मिळाली तेव्हासारखा आला नाही.

पुढे जे झालं त्याने तर माझी मतीच गुंग झाली. मेळाव्यानंतर एका सकाळी भास्करराव पिकअप घेऊन आले. सोबत त्यांच्या पत्नी, सुशीलावहिनी. त्या आमच्या शेडमध्ये पहिल्यांदाच येत होत्या. भास्कररावांचा चेहरा पितळी फलक मिळालेल्या माणसाचा नव्हता.

"तूच बोल," ते वहिनींना म्हणाले. "माझं काय ऐकत न्हाई ती, नाना."

वहिनी स्टुलावर बसल्या. उस्मानभाईंनी चहा सांगितला. त्यांनी चहा नको म्हटलं, ही वाईट खूण होती.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "ती आमची गाडी नाय."

"वहिनी, नंबर तोच आहे, रंग तोच आहे."

"रंगाचं नका सांगू. आमची गाडी डोळा मारायची. ही नाय मारत. तुमी तिच्यातलं कायतरी काढून दुसऱ्याच्यात घातलं."

"पण तो दोष होता. यांनीच सांगितलं होतं काढायला."

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. भास्करराव माझ्या लेथकडे पाहू लागले.

"मी त्या गाडीत बसत नाय," वहिनी म्हणाल्या. "एकदा बसले, तर सीट येईस्तवर जमीन आली. तिची चावी कुठं असती मला ठाव नाय. पण हे रोज सांजेला बागेतनं येत्यात, मी फाटक उघडाया जाते, हे दिवे लावत्यात. एक डोळा उघडायचा, मंग दुसरा. पहिल्या वर्षी दसऱ्यानंतर ती तसं करायला लागली आन् मला हसू आलं. तवापासनं रोज. ह्या गाडीत माझं म्हनून तेवढंच हुतं, भाऊ. ते कुनाच्या गाडीत गेलं?"

मी आजवर गिऱ्हाइकांच्या नाना तक्रारी ऐकल्या आहेत. आवाज येतो, आवाज येत नाही, तापते, तापतच नाही. दोष परत द्या म्हणून कुणी आलं नव्हतं.

"फलक मिळाला ना पण," भास्करराव पुटपुटले. "कारखान्यातून निघाली तशी."

"कारखान्यातनं निघाली तशीच ठिवायची हुती," वहिनी म्हणाल्या, "तर घरी कशाला आनली?"

उस्मानभाई उठून बाहेर गेले. हसायचं असलं की ते बाहेर जातात.

म्हणजे आता मामला असा झाला: एकाला त्याच्या गाडीतला दोष नको होता, दुसरीला तिच्या गाडीतला दोष हवा होता, आणि दोघांच्याही मते चोर मीच. मी डॉक्टरांना फोन केला. रविवारी दोन्ही गाड्या शेडमध्ये आणायच्या, सगळ्यांसमोर मोटर काढायच्या, खुणा बघायच्या, असं ठरलं. त्या रविवारी माझं नाव राहणार होतं किंवा जाणार होतं. या वयात नवं नाव कमवायला वेळ मिळत नाही.

रविवारी डॉक्टर आणि त्यांच्या पत्नी आले. भास्करराव आणि वहिनी आले. उस्मानभाईंनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी भास्कररावांची डावी मोटर काढून कापडाने पुसली आणि उजेडात धरली.

तिच्यावर दोन ठिपके होते.

डॉक्टरांनी घसा साफ केला. दोन ठिपके म्हणजे डॉक्टरांची मोटर, हे मीच आधी सगळ्यांना समजावून सांगितलेलं. मग मी डॉक्टरांच्या गाडीतली मोटर काढली. पुसली. उजेडात धरली.

तिच्यावरही दोन ठिपके होते.

"हे कसं काय?" भास्करराव म्हणाले.

हे असं की पंचची सवय काही माझ्या एकट्याची नाही. या गाड्या माझ्याकडे येण्याआधी जपानात, कुवेतमध्ये, आणखी कुठे कुठे उघडल्या गेल्या होत्या. तिथल्या कुणा माझ्यासारख्याच माणसाने दोहोंपैकी एका मोटरवर कधीतरी एक ठिपका मारून ठेवला असणार. तो भास्कररावांच्या मोटरवर होता, आणि त्यात माझा एक मिळून दोन झाले. दुसरीवर माझेच दोन. पण मग यातली कोणती कुणाची? जुना ठिपका आणि नवा ठिपका ओळखावा म्हणून मी भिंग आणलं. डिझेलने आणि ब्रशने सगळेच सारखे जुने झाले होते.

"नाना, पंच तो पंच है," उस्मानभाई म्हणाले. "उसपे नाम थोडी लिखा रहता है."

डॉक्टर म्हणाले, "एक काम करा. जी मोटर रेंगाळते ती त्यांची. अदलाबदल करा, विषय संपला."

हे तर्काला धरून होतं. वहिनींनाही पटलं. आम्ही मोटर बदलल्या. भास्कररावांनी आपल्या गाडीचं बटण दाबलं. दोन्ही डोळे एकदम उघडले. डॉक्टरांनी आपल्या गाडीचं दाबलं. उजवा उघडला, डावा रेंगाळला.

म्हणजे मोटर कुठलीही लावा, पांढरी गाडी डोळा मारत होती आणि लाल मारत नव्हती. दोष मोटरचा नव्हताच. आणि आत्ता आम्ही केलेल्या अदलाबदलीने मोटर आपापल्या घरी गेल्या होत्या की घर सोडून गेल्या होत्या, तेही सांगता येईना. मी परत बदलाव्यात का असं विचारलं. डॉक्टरांनी हात वर केले आणि म्हणाले, "राहू द्या. जखम पुन्हा उघडायची नसते."

उस्मानभाईंनी मात्र आधी खोलायची आपली पद्धत सोडली नाही. त्यांनी डॉक्टरांच्या गाडीची दांडी बिजागरीपासून सुटी केली, सांध्यात बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं.

"नाना," ते म्हणाले, "हळद."

मी चिमट्याने सांधा उकरला. पांढऱ्या कागदावर जे पडलं ते तांदूळ होते. कुंकवाने लाल झालेले, पाण्याने फुगलेले, ग्रीसमध्ये माखलेले. तोच काळालाल रंग. भास्कररावांच्या गाडीतून मी न बघता ब्रशने काढून टाकला होता तो.

डॉक्टरांच्या पत्नी म्हणाल्या, "अय्या, अक्षता."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. गाडी माझ्याकडून घरी परतली, मेळाव्याला जायची होती, म्हणून त्यांनी तिला ओवाळलं होतं. डॉक्टर घाईने म्हणाले की आपला यावर विश्वास नाही, पण घरात कुणाला दुखवायचं नसतं. मग गाडी पाइपने पाणी मारून धुतली, मेळाव्यासाठी चकाचक केली. आत तांदूळ भिजले.

"पण दिवे तर बंद असतात तेव्हा झाकलेले असतात," मी म्हणालो. "आत जातील कसे?"

दोन्ही बायकांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"दिवे वर करून ओवाळलं की," डॉक्टरांच्या पत्नी म्हणाल्या.

"झोपलेल्याला कुनी ववाळतं का, भाऊ?" वहिनी म्हणाल्या. "डोळे उघडे पायजेत तिचे."

जपानी इंजिनिअरांनी त्या दिव्यांची हिमवर्षावात परीक्षा घेतली असेल, वाळूत घेतली असेल. डोळे उघडे ठेवून ओवाळण्याची परीक्षा त्यांना सुचली नाही. आणि नेहमी डावाच का? तेही तिथेच उलगडलं. वहिनी गाडीसमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी उजवा हात पुढे करून अक्षता टाकल्यासारखं केलं. समोरून येणारा उजवा हात गाडीच्या डाव्या डोळ्यावर जातो. डाव्या हाताने अक्षता कुणी टाकत नाही.

चोरी झालीच नव्हती. माझं नाव राहिलं. भास्कररावांनी माझा हात धरला, डॉक्टरांनी खांद्यावर थाप मारली आणि त्यांच्या गाडीचा सांधा पुन्हा एकदा नीट धुवायला सांगितलं. मी बरं वाटून घेणार एवढ्यात वहिनींनी विचारलं,

"म्हंजे आमच्या गाडीत जे हुतं, ते माझेच तांदूळ?"

"हो."

"दर दसऱ्याचे?"

"हो, वहिनी."

"मंग ते कुठं हायेत?"

मी शेडच्या मागे डिझेल ओततो त्या पिंपाकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं. मग त्या पिंपाकडे पाठ करून स्टुलावर बसल्या. चहा मात्र घेतला.

दसरा जवळ होता, तेव्हा प्रश्न आपोआप सुटणार असं मी धरून चाललो. यंत्राला धर्म नसतो हे वाक्य सोडून द्यायचीही माझी तयारी झाली होती. दसऱ्यानंतर आठवडाभराने वहिनींचा फोन आला.

"भाऊ, डोळा मारत नाय अजून."

"ओवाळलं?"

"ववाळलं. डोळे उघडून. मंग पानीबी मारलं."

मी मोहाडीला गेलो. दांडी सोडली. सांध्यात एक दाणाही नव्हता. खाली, बंपरच्या आत सगळे पडले होते. लांबलचक, सडपातळ. मी विचारलं, हे कुठले तांदूळ?

"बासमती," भास्करराव जरा ताठ होऊन म्हणाले. "आता फलक मिळालेली गाडी हाय ती. तिला जाडा तांदूळ कसा टाकायचा?"

वहिनींनी डोक्यावर हात मारला. दरवर्षी त्या अक्षतांना सुरगाण्याचा तांदूळ वापरायच्या. छाटणीला सुरगाण्याहून मजूर बायका येतात. त्यांच्यातली जनाबाई घरच्या शेतातला जाडा, आखूड तांदूळ पिशवीभर वहिनींना आणून देते. तो संपला होता, आणि छाटणीची टोळी यंदा उशिरा आली होती. दिवाळीच्या पाडव्याला जनाबाईच्या नव्या पिशवीतला तांदूळ घेऊन वहिनींनी गाडीला पुन्हा ओवाळलं. मी तिथे होतो. उस्मानभाईही आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. भास्कररावांनी दिवे वर केले. जनाबाई बागेच्या कडेला उभी राहून बघत होती. "हिचं लगीन लावत्यात का?" तिने विचारलं.

त्यानंतर काही दिवसांनी सांजेला फोन आला. फक्त वहिनींच्या हसण्याचा आवाज आला, आणि मागे फाटकाची कडी.

मोटर अदलाबदल होऊन बसल्यात की आपापल्या जागी आहेत, ते मला आजही माहीत नाही. पितळी फलक भास्कररावांच्या बैठकीत आहे आणि तो खरा की खोटा, तेही त्यावर अवलंबून आहे. मी त्याचा विचार सोडून दिला आहे. माझ्याने एवढंच झालं की दोन्ही तांदूळ शेडमध्ये आणून व्हर्नियरने मोजले आणि दांडीच्या सांध्यातली फटही मोजली.

बासमती फटीतून खाली पडतो. सुरगाण्याचा दाणा अडकतो.